तांबड्या केसांची कुळकथा

एडिंबरोच्या किल्ल्यावरून रॉयल माईलने खाली उतरू लागलं की दर चार-पाच दुकानांमागे एका दुकानात ती टोपी टांगलेली असते. टार्टनच्या चौकटी कापडाची, वर गोंडा, आणि कडेला आतून शिवलेले नारिंगी नायलॉनचे झुपकेदार केस. डोक्यावर चढवली की कोणीही फोटोपुरता स्कॉटिश होतो. ‘जिमी हॅट’ म्हणतात तिला. आमच्या ओळखीच्या एका दुकानाचे मालक सरदारजी आहेत. किल्ल्याचे मॅग्नेट, शॉर्टब्रेडचे डबे आणि ही टोपी एवढ्यावर दुकान उभं आहे, असं ते सांगतात. खऱ्या तांबड्या केसांच्या एकाही गिऱ्हाइकाने ती टोपी नेलेली त्यांना आठवत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या टोपीवर विश्वास ठेवला तर निम्मा देश तांबड्या डोक्यांचा असायला हवा. प्रत्यक्षात बसच्या वरच्या मजल्यावर मागच्या बाकावर बसून पुढची डोकी न्याहाळली, तर बहुतेक सगळी मातकट तपकिरी. मधेच एखादं पिवळसर, एखादं रंगवलेलं जांभळं, आणि अधूनमधून खरं तांबडं. ते मात्र दिसलं की नजर तिथेच अडकते. मला वाटतं, या रंगाच्या सगळ्या दंतकथांचं मूळ तिथेच आहे. शंभरातली चौऱ्याण्णव डोकी आपण विसरून जातो आणि उरलेली सहा घरी येऊन सांगतो.

सहा हा आकडा हवेतला नाही. पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत स्कॉटलंडमधल्या लाल केसवाल्यांचं प्रमाण १३ टक्के वगैरे छापलेलं असतं. अलीकडच्या जनुकीय पाहण्यांनी ते सहाच्या आसपास आणून ठेवलं. आणि ते नवीनही नाही. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जॉन ग्रे आणि जेम्स टोचर या दोघांनी स्कॉटलंडभरच्या शाळामास्तरांना कामाला लावून पाच लाखांवर मुलांच्या केसांची आणि डोळ्यांची नोंद करवून घेतली होती. तेव्हाही शंभरामागे पाचेक पोरंच लाल केसांची निघाली. आयर्लंडचा आकडा दहाच्या घरात धरतात. जगाचा एक ते दोन. म्हणजे ही बेटं या रंगाची राजधानी आहेत हे खरंच. पण राजधानीतसुद्धा तो अल्पसंख्यच आहे. आणि राजधानीबाहेरही त्याची एक ठळक वस्ती आहे. व्होल्गेच्या खोऱ्यात राहणारे उद्‌मुर्त लोक लाल केसांसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांची भाषा फिनिशच्या गोतावळ्यातली. केल्ट, म्हणजे आयरिश, स्कॉटिश, वेल्श लोकांचे पूर्वज मानले जाणारे लोक, त्यांच्याशी यांचा काडीचा संबंध नाही.

आमच्या जिन्यात समोरच्या दारात एक आजी राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, निवृत्त शाळामास्तरीण, बोलायला तिखट. आता केस पांढरेशुभ्र आहेत, पण तरुणपणी ‘गाजरासारखे’ होते म्हणतात. पुरावा म्हणून फोटो दाखवतात तो कृष्णधवल, त्यामुळे शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. त्यांची मुलगी तपकिरी केसांची. जावई तर जवळजवळ काळ्या केसांचा. आणि नात? नात उन्हात उभी राहिली तर डोक्याला जाळ लागल्यासारखी. व्हिडिओ कॉलवर मी तिला माझ्या आईला दाखवली, तेव्हा रत्नागिरीहून आईचा पहिला प्रश्न आला, “तेल नाही का गं लावत पोरीला?”

आईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे मुलाचे केस तांबूस, भुरकट झाले की त्याचा अर्थ उन्हातान्हात हिंडणं, तेलपाणी नसणं, आणि त्याहून वाईट म्हणजे ताटात प्रथिनं नसणं. क्वाशिऑरकर या कुपोषणाच्या प्रकारात केसांचा रंग उतरून ते तांबूस होतात, मुळातून सहज उपटले जातात. मेळघाटात काम केलेल्या डॉक्टरांना हे पुस्तक न उघडता ओळखता येतं. मेंदी सोडली तर लाल केसांची आपली ओळख अशी आबाळीतून झालेली आहे. इथला तांबडा रंग मात्र भरल्या ताटावरचा. तो केसाच्या आत जन्मापासून, किंबहुना जन्माच्या आधीपासून ठरलेला असतो.

कसा ठरतो, हे १९९५ साली उलगडलं. न्यूकासलचे त्वचारोगतज्ज्ञ जोनाथन रीस, एडिंबरोचे जनुकशास्त्रज्ञ इयन जॅक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी गोऱ्या, लाल केसांच्या माणसांत सोळाव्या गुणसूत्राच्या टोकाशी असलेला एक छोटासा जीन तपासला. त्याचं नाव एमसी१आर. त्यावरून बनणारं प्रथिन अवघ्या ३१७ अमिनो आम्लांचं. रंग तयार करणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर ते बसतं आणि बाहेरून येणाऱ्या एका संप्रेरकाची वाट पाहतं. दाराच्या बेलसारखं समजा: बाहेरून बटण दाबलं, आत घंटी वाजली, की पेशी काळं-तपकिरी युमेलॅनिन बनवायला बसते. बेलची तार सैल असेल, तर कोणी कितीही दाबो, आत नीट ऐकू येत नाही, आणि पेशी आपली लालसर-पिवळं फिओमेलॅनिन घडवत राहते. लाल केस म्हणजे ही सैल तार. तार सैल होण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. १५१व्या किंवा १६०व्या जागचं आर्जिनिन बदललं, नाहीतर २९४व्या जागचं ॲस्पार्टिक आम्ल बदललं, तर परिणाम जोरदार. आणखी काही बदल सौम्य आहेत. ते एकटे फारसं काही करत नाहीत.

जीन दोन प्रतींत येतो, एक आईकडून आणि एक बापाकडून. एक तार धड असली तरी बहुधा काम भागतं. दोन्ही सैल असतील तर केस लाल होण्याची शक्यता. शाळेत वाटाण्यांवर शिकलेला मेंडेलचा अप्रभावी गुण तो हाच, असं वाटून आपण निश्चिंत होतो. आणि तिथेच २०१८ साली एडिंबरोच्याच संशोधकांनी घोळ घातला. यूके बायोबँक या आरोग्य-जनुकांच्या नोंदसंग्रहातल्या साडेतीन लाखांच्या आसपास माणसांचे जीन चाळून त्यांनी दाखवलं की दोन्ही प्रती ‘लाल’ असलेल्या बहुसंख्य माणसांचे केस लाल नसतातच; पिवळसर किंवा फिकट तपकिरी असतात. लाल रंगाला हातभार लावणाऱ्या आणखी आठ जागा त्यांना सापडल्या. त्यातली एक एएसआयपी या जीनपाशी आहे, आणि त्याचं प्रथिन त्याच एमसी१आरला उलट बाजूने दाबून धरतं. म्हणजे मेंडेल खरा, पण त्याच्या मागे आठ भाऊबंद उभे आहेत. ‘अमुक रंगाचा जीन’ ही भाषाच मला तेव्हापासून जरा संशयास्पद वाटू लागली आहे.

दोन काळ्या-तपकिरी केसांच्या आईबापांच्या पोटी तांबडं पोर आलं की इथे दूधवाल्याचा विनोद होतो. दूधवाला सकाळी घरोघरी जायचा त्या काळातला विनोद आहे. दूधवाला गेला, विनोद राहिला. समोरच्या आजींच्या जावयाला हा विनोद नात झाल्यापासून ऐकावा लागलाय. एकदा मी त्याला विचारलं, “तुमच्या घराण्यात कोणी तांबडं?” त्याने डोकं खाजवलं. मग आठवलं, आजोबांचे एक भाऊ, ते युद्धानंतर कॅनडात गेले. तीन पिढ्या तो जीन एका प्रतीत, कोणाच्याही डोक्यावर न दिसता, आतल्या आत चालत आला होता. जावयालाच काय, त्याच्या आईलाही पत्ता नव्हता.

या न दिसणाऱ्यांचा हिशोब करता येतो आणि तो करताना मला नेहमी गंमत वाटते, कारण तो मांडणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे. रामानुजनला केंब्रिजला बोलावणारे गणिती जी. एच. हार्डी. रामानुजनचं पत्र यायला अजून पाच वर्षं होती. १९०८ साली जीवशास्त्रज्ञांत एक वाद चालला होता: प्रभावी गुण पिढ्यानपिढ्या वाढत जाऊन अप्रभावी गुण संपवून टाकतो का? हार्डीचा क्रिकेटमधला मित्र रेजिनाल्ड पनेट हा प्रश्न घेऊन त्याच्याकडे गेला. उत्तर हार्डीला इतकं सोपं वाटलं की ते छापायला पाठवताना तो संकोचला. शुद्ध गणिताचा अभिमान बाळगणाऱ्या या माणसाचं नाव आज वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करावं लागतं, ते याच एका पानामुळे. उत्तर असं: बाकी काही घडत नसेल तर प्रमाण पिढ्यानपिढ्या तेच राहतं. कोणी कोणाला संपवत नाही.

आता सहा टक्के घ्या आणि क्षणभर त्या आठ भाऊबंदांना बाजूला ठेवा. ०.०६ चं वर्गमूळ साधारण ०.२४५. त्यावरून एकच प्रत बाळगणारे निघतात ३७ टक्के. म्हणजे बसमधल्या त्या मातकट डोक्यांपैकी तीनातलं एक तरी आत तांबडं आहे. जगभरासाठी एक टक्का धरून हाच हिशोब केला तर नुसतं बाळगणारे १८ टक्के येतात. हिशोब ढोबळ आहे, पण दर दोन-चार वर्षांनी वर्तमानपत्रांत उगवणारी ‘लाल केसांची माणसं शतकाअखेर नामशेष होणार’ ही बातमी निकालात काढायला तेवढा पुरतो. ज्याचे सहा उघड आणि सदतीस छुपे आहेत, तो असा शंभर वर्षांत कुठे जातो?

पण लोकांना हिशोब नको असतो, कुळकथा हवी असते. लाल केस म्हणजे केल्ट रक्त, ही कुळकथा इथे मगांवर, टी-शर्टांवर छापून मिळते. तिच्या मुळाशी जायला लागलं की पहिलाच साक्षीदार उलटतो. रोमन इतिहासकार टॅसिटसने आपल्या सासऱ्याच्या, म्हणजे ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोलाच्या चरित्रात कॅलेडोनियाच्या, म्हणजे आजच्या स्कॉटलंडच्या लोकांचे तांबूस केस आणि धिप्पाड हातपाय यांचा उल्लेख केलाय. लाल केसांची बाजू मांडणारे हे वाक्य हौसेने उद्धृत करतात. पुढचा भाग मात्र गाळतात. टॅसिटसच्या मते हे केस आणि हे हातपाय त्या लोकांचं मूळ जर्मन असल्याची खूण होती! वेल्समधल्या सिलुरांचे सावळे चेहरे आणि कुरळे केस पाहून तो त्यांना स्पेनकडचे ठरवतो. गॉलच्या म्हणजे केल्ट लोकांच्या जवळचे त्याला वाटले ते खाडीसमोरचे, दक्षिण ब्रिटनचे लोक. दोन हजार वर्षांपूर्वी लाल केस केल्टपणाचा नव्हे, जर्मनपणाचा पुरावा म्हणून कोर्टात उभे होते.

खुद्द गॉलच्या केसांबद्दल तर आणखीच मजा. रोमन लेखक प्लिनी सांगतो की साबण हा गॉल लोकांचा शोध, चरबी आणि राख यांपासून बनवलेला, आणि त्याचा उपयोग काय, तर केस तांबूस करणं. ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की त्यांचे केस मुळातच पिवळे, पण ते चुन्याच्या पाण्याने धुऊन ते आणखी उजळवतात. आणि रोमनांविरुद्ध उठलेल्या ब्रिटनच्या बूडिका राणीच्या कमरेखाली रुळणाऱ्या पिंगट केसांचं वर्णन करणारा इतिहासकार डिओ कॅसियस तिच्यानंतर शंभरावर वर्षांनी जन्मला. म्हणजे पुराव्यातले अर्धे केस धुवून रंगवलेले आणि उरलेल्यांतले काही ऐकीव.

‘केल्ट’ हे नाव या बेटांना लागलं तेही उशिरा. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचा प्रमुख, एडवर्ड लुइड नावाचा वेल्श पंडित, याने १७०७ साली वेल्श, आयरिश, ब्रेटन, कॉर्निश या भाषांचं नातं दाखवून दिलं, आणि त्या कुटुंबाला केल्टिक म्हणण्याची रीत पडली. त्याआधीचा आयरिश शेतकरी स्वतःला केल्ट म्हणवत नव्हता. भाषेचं नाव हळूहळू रक्ताला चिकटलं. मग रक्त मोजायला माणसं निघाली. ब्रिस्टलचे डॉक्टर जॉन बेडो खिशात छोटी कार्डं घेऊन रस्त्यातून, बाजारातून चालत आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या केसांचा, डोळ्यांचा रंग गुपचूप टिपत. १८८५ साली त्यांनी सगळं छापलं. त्यात त्यांचा एक ‘काळेपणाचा निर्देशांक’ आहे: गडद तपकिरी डोकी अधिक काळ्यांची दुप्पट, त्यातून तांबडी आणि पिवळी वजा. त्यांच्या हिशोबात केल्टिक मुलूख जितका पक्का तितका काळा निघे. लाल केस वजाबाकीच्या बाजूला! आज ज्या खुणेवर केल्टपणा विकला जातो ती खूण व्हिक्टोरियन शास्त्रात केल्टपणाच्या विरुद्ध मोजली जात होती.

हे वाचताना मला आमचं रत्नागिरीचं घर आठवल्याशिवाय राहात नाही. आजोबांचे डोळे घारे, आत्याचे घारे, माझे साधे काळे. कोकणस्थांच्या घरात घाऱ्या डोळ्यांवरून कुळकथा निघाली की जेवणं लांबतात. परशुरामाने समुद्रात वाहून आलेली प्रेतं चितेवर शुद्ध केली ही एक. कोणी इराणहून आलो म्हणतं, कोणी ग्रीसहून, कोणी फुटलेल्या जहाजातले ज्यू काढतं. आमच्या एका चुलतभावाने अमेरिकेत थुंकी भरून नळी पाठवली. निकालात सगळं दक्षिण आशिया. त्याने कंपनीला दोष दिला. परंपराही या बाबतीत मजेशीर आहे. पतंजलीच्या महाभाष्यात ब्राह्मणाच्या खुणा सांगताना ‘गौर, शुच्याचार, पिंगल, कपिलकेश’ अशी यादी येते, म्हणजे पिंगट केस भूषण. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात मात्र ‘नोद्वहेत्कपिलां कन्याम्’, अशा रंगाच्या मुलीशी लग्न करू नका. रंग एकच, पण पुरुषाच्या डोक्यावर कुलीन आणि मुलीच्या डोक्यावर कुलक्षणी.

आणि एक धागा तर थेट पुण्याला येतो. जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांनी केसांचा रंग मोजायला एक फलक बनवला होता. त्यावर एका ओळीत लावलेल्या नमुन्याच्या बटा. माणसाच्या डोक्याजवळ धरायच्या आणि जुळणारा क्रमांक लिहायचा. हा फलक घेऊन ते १९०८ साली आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांना मोजायला गेले. याच फिशरकडे १९२०च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. विषय होता कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल. गुरूंची अपेक्षा होती की वंशावंशांत फरक निघेल. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्याच्याशी संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. गुरूंच्या संस्थेत, गुरूंच्या शहरात बसून. फिशर पुढे नाझी राजवटीचे लाडके शास्त्रज्ञ झाले. इरावतीबाई पुण्याला परतल्या आणि इथेही माणसं मोजतच राहिल्या, पण मोजपट्टीने काय सिद्ध होतं आणि काय होत नाही हे त्यांना बर्लिनमध्येच कळलेलं असावं, असं मला वाटतं.

आता मोजपट्टीची जागा डीएनएने घेतलीय, आणि तो कुळकथेला आणखी कमी दाद देतो. २०१५ साली ब्रिटनभरच्या दोन हजारांवर ग्रामीण माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निवड अशी, की चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले. त्यात कॉर्नवॉल, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड यांना एकत्र बांधणारा असा एकच ‘केल्टिक’ गट सापडलाच नाही. उत्तर वेल्स आणि दक्षिण वेल्ससुद्धा वेगळे निघाले. कॉर्नवॉलची माणसं वेल्शांपेक्षा इंग्रजांच्या जवळची निघाली.

त्याच्या पुढच्या वर्षी आयर्लंडमधून जुनी हाडं बोलली. रॅथलिन बेटावर एका पबच्या मागे रस्ता साफ करताना २००६ साली कांस्ययुगातले सांगाडे सापडले होते. चार हजार वर्षांपूर्वीचे हे पुरुष जनुकीय दृष्ट्या आजच्या आयरिश, स्कॉटिश, वेल्श माणसांचे जवळचे नातलग. त्याआधी हजारेक वर्षं बेलफास्टजवळच्या बॅलिनाहॅटीत राहून गेलेली एक बाई मात्र काळ्या केसांची, तपकिरी डोळ्यांची, आणि तिचं नातं दक्षिण युरोपाकडे. मधल्या काळात पूर्व युरोपातल्या गवताळ मैदानांकडचं रक्त घेऊन नवी माणसं आली. लोहयुगातले, पुस्तकांतले ‘केल्ट’ यायच्या कितीतरी आधी आयर्लंडची माणसं जवळपास आजच्यासारखी झाली होती. नाव नंतर आलं.

निअँडरथल या नामशेष मानवजातीचं एक लफडंही मधे येऊन गेलं. २००७ साली स्पेन आणि इटलीतल्या निअँडरथल हाडांत एमसी१आरची सैल आवृत्ती सापडली आणि लाल केसवाल्यांना ‘गुहावासी’ चिडवायला नवं निमित्त मिळालं. पण ती सैल तार ३०७व्या जागेची होती. आजच्या लाल केसांत ती आढळत नाही. त्यांची तार त्यांच्या त्यांच्यात सैल झाली, यांची यांच्यात.

मग या बेटांवरच तांबडी डोकी इतकी का? आफ्रिकेत हा जीन कमालीचा जपलेला आहे. तिथे त्यात बदल करणाऱ्याला ऊन सोडत नाही. उत्तरेला ती राखण ढिली पडली. २०००च्या सुमारास रीस आणि रोझलिंड हार्डिंग यांच्या गटाने दाखवलं की लाल केसांचा काही खास फायदा न मानताही, नुसत्या या ढिलाईतून युरोपातली विविधता समजावता येते. फिकट त्वचा कमी उन्हात ड जीवनसत्त्व चांगलं बनवते, म्हणून निसर्गानेच निवड केली, हे दुसरं मत. वाद मिटलेला नाही. मला स्वतःला दुसऱ्या मतातली निकड इथे आल्यावर पटली, कारण उलट बाजूची किंमत आपल्या लोकांनी मोजलेली आहे. १९६०च्या दशकात ग्लासगोच्या डॉक्टरांना पाकिस्तानी आणि भारतीय घरांतल्या मुलांत ड जीवनसत्त्वाअभावी होणारा मुडदूस दिसू लागला होता, त्या शहरातून जवळजवळ हद्दपार झालेला. पुढे त्या जीवनसत्त्वाचे थेंब वाटण्याची मोहीम काढावी लागली. सावळ्या कातडीच्या आम्हा सगळ्यांना आजही इथली आरोग्यसेवा वर्षभर रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते. मी कणकेच्या डब्याशेजारी ती बाटली ठेवलीय.

वैद्यकाच्या बाबतीत लाल केसांभोवती अर्धवट गोष्टींचं रान आहे. त्यांना भूल जास्त लागते, ही त्यातली सर्वांत लाडकी. २००४ साली अमेरिकेत दहा लाल केसांच्या आणि दहा काळ्या केसांच्या बायकांवर प्रयोग झाला. पहिल्या गटाला डेसफ्लुरेन हा भुलीचा वायू १९ टक्के जास्त लागला. वीस बायका! पुढच्या मोठ्या पाहणीत शेकडो रुग्णांत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही, पण त्याचे मथळे कुठे झाले? वेदनेबाबत मात्र खरोखर काहीतरी आहे. एमसी१आर सैल असलेल्या बायकांत काही वेदनाशामकं जास्त गुण देतात असं २००३ साली आढळलं होतं. एवढ्यावर भूलतज्ज्ञाला ‘माझे केस बघा’ म्हणून सांगायला हरकत नाही, असं आजी म्हणतात. त्यांनी दोन्ही गुडघ्यांच्या वेळी सांगितलं होतं.

रंगाबद्दलची अढी मात्र या बेटांवरही इतकी जुनी, याचं मला नवल वाटतं. हॉगमनेला, म्हणजे नववर्षाच्या मध्यरात्रीनंतर, दारात पहिलं पाऊल उंच, काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं. लाल केसांच्या बाईचं पडलं तर वर्ष वाईट. आयर्लंडच्या किनाऱ्यावर होडीकडे जाताना तांबड्या केसांची बाई आडवी आली तर कोळी घरी परतायचा. नववर्षाच्या रात्री आजी लहान असताना त्यांची आई त्यांना मागच्या खोलीत बसवून ठेवायची. गंमत अशी की गेली काही वर्षं आमच्या जिन्यातलं पहिलं पाऊल माझ्या नवऱ्याचं असतं. कोळशाचा तुकडा हातात देऊन त्याला बारा वाजता दाराबाहेर उभं करतात. सांगलीचा काळा कुळकुळीत केसांचा माणूस इथे शुभशकुन ठरलाय.

आणि ऊन. फिओमेलॅनिन उन्हापासून वाचवत तर नाहीच, वर स्वतःच पेशीला त्रास देतं. २०१२ साली उंदरांवर दाखवलं गेलं की अतिनील किरण न देताही या रंगद्रव्यामुळे मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कर्करोग, होऊ शकतो. कलंगुटच्या वाळूवर भाजून लालभडक झालेले ब्रिटिश आपण हसत पाहिलेत. ते हसण्यासारखं प्रकरण नाही. २०१६ साली त्यात एक नवा कागद आला. लाल रंगाची एकच प्रत असलेल्यांच्या, म्हणजे त्या ३७ टक्क्यांतल्या, मेलॅनोमाच्या गाठींत ४२ टक्के जास्त उत्परिवर्तनं आढळली. वयाच्या भाषेत सांगायचं तर एकवीस वर्षांच्या जादा उन्हाइतकी. केस तपकिरी, काळे, कसेही असोत.

हे मी आजींच्या घरी चहाच्या टेबलावर सांगितलं, तेव्हा त्यांची तपकिरी केसांची लेक तिथे होती. ती बागकाम करते, बिनटोपीची, बिनक्रीमची. क्रीम आईच्या आणि लेकीच्या पिशवीत असतं. आई पूर्ण तांबडी असल्याने तिच्यात एक प्रत असणारच, त्याला कोणती तपासणी लागत नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं. तिने आधी आईच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर खेळणाऱ्या पोरीकडे.

“म्हणजे कौतुक या दोघींचं,” ती म्हणाली, “आणि हप्ते मी भरायचे!”

आजींनी क्रीमची बाटली तिच्याकडे सरकवली आणि वापरायच्या आधी मुदत बघून घे म्हणाल्या.